माग चालतो, कीबोर्ड चालत नाही

आमचं घर बेळगावच्या वडगावात, मागांच्या गल्लीत. परड्यात दोन यंत्रमाग आमचे, भिंतीपलीकडे चार शेजाऱ्यांचे. दिवसभर धोटे इकडून तिकडे आपटत असतात. पाहुणा आला की तासाभरात डोकं धरतो. आम्हाला मात्र करंट जाऊन माग थांबले की दचकायला होतं. अशा घरात माझ्या कीबोर्डाच्या आवाजाने कुणाची झोप मोडेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

माझं काम रात्रपाळीचं, घरूनच. जुन्या कीबोर्डाच्या रबरी कळा सादळलेल्या भडंगासारख्या झाल्या होत्या, म्हणून मेकॅनिकल कीबोर्ड मागवला, म्हणजे प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असलेला. ब्लू स्विचचा. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८०च्या दशकात काढलेल्या एमएक्स स्विचांना आतल्या, कळीबरोबर खाली जाणाऱ्या दांडीच्या रंगावरून ओळखतात, आणि त्यात निळा म्हणजे गावजेवणातला वाढपी: काम थोडं, पुकारा फार. पहिल्या रात्री दीड वाजता बायको उठून बसली.

"अहो, लिहूलालासा की शेंगा फोडूलालासा?"

दुसऱ्या दिवशी पाव किलो कुंदा आणून तिला शांत केलं. तो संपेपर्यंतच ती शांत राहिली.

मग आप्पा आले. आप्पांचा सगळा जन्म मागावर गेला. ते जेवताना मान वर न करता सांगतात, "दोन नंबरचा माग कोरडा झालाय." त्यांनी एक बोट ठेवलं, कान कीबोर्डाला लावला आणि एकच कळ दहा वेळा हळूहळू दाबली.

"वाजतंय ते वेगळं, काम करतंय ते वेगळं की रे हे!"

मी गार. हे समजायला मला तीन व्हिडिओ लागले होते. निळ्या स्विचच्या आतली दांडी दोन तुकड्यांची असते. दाबताना त्यातलं छोटं पांढरं कडं झटकन खाली आपटतं, 'टिक्' होते ती त्याची. अक्षर उमटवणारी धातूची पाती बिचारी गुपचूप जुळते. म्हणजे घरात भांडणं लावली होती त्या कड्याने.

आप्पांच्या मते आवाजावर औषध एकच. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात त्यांनी कोंबडीच्या पिसाने मागाचं तेल सोडलं. ए, एस, डी मुके झाले; एफ बोलत राहिला. अक्षरं चारही उमटत होती, पण टाइप करताना भजनात मध्येच टाळ बंद पडल्यासारखं वाटायचं.

नशिबाने स्विच उपटून बदलता येत होते. चार-चार लाल नि तपकिरी नमुन्याला मागवले. सगळ्यांची कळ पूर्ण दाबली की चार मिलिमीटरच खाली जाते, फरक आहे तो वाटेत. निळ्याला साधारण ६० सेंटिन्यूटन जोर लागतो, तपकिरीला ५५, लाल ४५ वर मान टाकतो. आईने लाल दाबून पाहिला नि म्हणाली, "लोण्यात बोट घातल्यासारखं हाय." खरंच तसंच होतं, आणि तीच पंचाईत. दोन मिलिमीटरवर अक्षर उमटतं, वाटेत अडथळा काहीच नाही. विचार करत नुसतं बोट टेकवलं नि साहेबांना 'ओके'च्या जागी अकरा 'ओ' गेले. ते समजले, मी कण्हतोय.

राहिला तपकिरी. त्याचा अडसर म्हणजे झिजून झिजून उरलेला स्पीडब्रेकर: आहे म्हणावं तर आहे. लोक याला सुवर्णमध्य म्हणतात. मला तो लग्नात दोन्हीकडच्या पंगतीला बसणाऱ्या मामासारखा वाटतो. पण घरात राहायचं होतं. तपकिरी बसवला. बायको झोपू लागली. कळांच्या फटीत मागाचा तूस तेवढा साठायचा. तो मी जुन्या दाढीच्या ब्रशने काढायचो.

परवा रात्री नऊला करंट गेला. सगळे माग एकदम थांबले. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरनेट मोबाइलचं, आणि साहेबांना तातडीचा मेल. अख्ख्या गल्लीत आवाज माझा एकट्याचा. समोरच्या कन्नड काकू खिडकीतून ओरडल्या, "एन्री अदु सप्पळ?"

"काही नाही काकू, ऑफिसचं!" म्हणून मी मेल रेटला.

पलीकडच्या खोलीतून, अंधारातून आप्पांचा आवाज आला.

"वरच्या ओळीतली, उजव्या कडेची, लांब कळ. तिची तार ढिली झाल्या."

मोबाइलचा उजेड टाकून पाहिलं. बरोबर. लांब कळांखाली तोल सांभाळायला तारेची आडवी पट्टी असते, ती खुळखुळत होती. कळ होती बॅकस्पेस.

"सारखी तीच वाजूलाल्या," आप्पा कूस बदलत म्हणाले. "लिहितोस कमी, खोडतोस जास्त की रे!"