कपाटातले संगणक

विंडोज १० या संगणकप्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे सुरक्षेच्या मोफत सुधारणा, ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि तेव्हापासून मुंबईतल्या अनेक कार्यालयांतून चांगले चालते संगणक मोडीत निघू लागले आहेत. ते एखाद्या गरजू शाळेला द्यावेत का, असे गेल्या महिन्याभरात मला तीन ओळखीच्या लोकांनी विचारले. अवश्य द्यावेत, पण आम्ही दिले तसे देऊ नयेत, एवढे सांगून मी फोन ठेवला होता. ते अर्धवट उत्तर इथे पूर्ण करतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहकाऱ्यांनी मिळून कार्यालयातले सहा जुने संगणक पूर्व उपनगरातल्या एका मराठी शाळेला दिले. नारळ फुटला, मॉनिटरला हळदकुंकू लागले, फोटो निघाले. वर्षभराने काही कामानिमित्त त्या शाळेत जाणे झाले, तेव्हा सहाही संगणक मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाशेजारी प्लॅस्टिकच्या आवरणाखाली जसेच्या तसे उभे होते. एक चालू करून पाहिला, तर त्यात २००९ सालची १ जानेवारी उजाडलेली होती. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला की यंत्राची वीज तोडल्यावर घड्याळ मागे जाते, आणि तारीख चुकीची असली की संकेतस्थळे सुरक्षित नाहीत असे सांगून ब्राउझर ती उघडायला नकार देतो. त्यामुळे ‘इंटरनेट बिघडले आहे’ असा सर्वांचा समज झाला होता. तो सेल कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळतो, आणि त्याची किंमत दोन वडापावांच्या आसपास असते.

मी थोडा चिडूनच विचारले, तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी शांतपणे डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या मालकीच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, उघडून दाखवले. सहाही संगणक त्यात क्रमांकासह नोंदलेले होते. “अहो, उघडून बघायला कुणाला सांगू? काही मोडलं तर तपासणीच्या वेळी उत्तर मला द्यावं लागतं, आणि निर्लेखनाचे, म्हणजे वस्तू नोंदीतून काढून टाकायचे, कागद वर्षभर फिरत राहतात,” असे त्या म्हणाल्या. त्यांचे काहीही चुकले नव्हते. वस्तू आम्ही दिली होती आणि ती मोडण्याची भीतीही तिच्याबरोबरच देऊन आलो होतो.

मुलांना संगणक देण्याच्या जगातल्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगाची कथा या भीतीशिवाय नीट समजत नाही, असे माझे मत आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली. प्रत्यक्षात एक्सओ नावाचे ते हिरवे-पांढरे यंत्र दोनशे डॉलरच्या घरात गेले, पण त्याची घडण मला आजही लोभस वाटते. उन्हात वाचता येणारा पडदा, धूळपाणी आत जाऊ नये म्हणून रबराचा सलग कीबोर्ड, आणि मुलांनी स्वतः उघडून दुरुस्त करावे म्हणून लॅपटॉप उचलायच्या मुठीच्या आत ठेवलेले जादा स्क्रू! लॅपटॉप मुलाच्या मालकीचा असावा आणि तो त्याने घरी न्यावा, हे त्या योजनेचे पहिले तत्त्व होते. भारत सरकारने २००६ मध्ये तिला नकार दिला. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, हा त्यामागचा मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता. तरीही २००७ मध्ये आपल्या कर्जतजवळच्या खैराट या छोट्या वस्तीतल्या शाळेत ही यंत्रे येऊन पोहोचलीच.

पेरूने मात्र लाखोंच्या संख्येने ती खरेदी केली. तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि गणितात वा भाषेत मुलांची प्रगती वाढल्याचे त्यात आढळले नाही. ‘संगणक देऊन काही होत नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या हाती त्यामुळे कायमचा दाखला आला. पण त्याच अभ्यासात असेही नोंदले आहे की निम्म्याहून अधिक मुले लॅपटॉप घरी नेतच नव्हती, आणि त्यामागे हरवला किंवा बिघडला तर भरपाई आपल्याला करावी लागेल ही धास्तीही होती. ते वाचताना मला बाईंचे रजिस्टर आठवले. मुठीत स्क्रू ठेवणाऱ्यांनी मुलांवर विश्वास टाकला होता. वाटेतल्या मोठ्या माणसांना तो पेलला नाही. उरुग्वेने सरकारी प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला हीच यंत्रे दिली आणि पुढे दुरुस्तीची सोयही उभी केली. गुण तिथेही वाढले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, पण गुण वाढावेत म्हणूनच संगणक द्यायचा असेल तर त्या पैशात गणिताचा एक चांगला शिक्षक मिळतो का, हे आधी पाहावे.

मग द्यायचा कशासाठी? सेल बदलून, त्यात लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली टाकून एक यंत्र मी त्याच दिवशी सुरू करून दिले, तेव्हा पाचवीतली एक मुलगी आपले नाव टंकू लागली आणि ‘क्ष’पाशी अडली. क, मग पाय मोडायची कळ, मग ष, हे तिने दोनदा चुकून तिसऱ्यांदा स्वतः शोधले आणि पुढची दहा मिनिटे ती फक्त जोडाक्षरेच बनवत बसली. तेवढे मला पुरते.

दुसऱ्या खेपेला आम्ही चारच संगणक दिले. सोबत एक पत्रही दिले: ही यंत्रे आमच्याच मालकीची राहतील, शाळेला ती केवळ वापरायला दिली आहेत, मुलांच्या हातून बिघडल्यास शाळेकडून कोणतीही भरपाई घेतली जाणार नाही, आणि बिघडलेले यंत्र आम्ही परत नेऊ. ती डेडस्टॉकात चढवायचीच नव्हती. बाईंनी पत्र दोनदा वाचले, त्याची झेरॉक्स काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आणि यंत्रे थेट वर्गात नेली. पहिल्या महिन्यात दोन माउस आणि एक कीबोर्ड कामातून गेला. लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारातून जुने आणून दिले, आणि या वेळी सेलही सहा जादाचे घेतले.