‘बॅटरी गेली’ म्हणण्याआधी मीटर लावायला काय होतं?

मोटरसायकलचं स्टार्टर बटण दाबलं की एकच ‘टक’. पुढे काही नाही. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, न्यूट्रलचा हिरवा दिवा जागच्या जागी, आणि स्टार्टर मोटर गप्प. तीन आठवडे हेच चाललंय. आज सकाळी मेकॅनिकने दोनदा बटण दाबलं, सीटसुद्धा उघडली नाही आणि निकाल दिला, "साहेब, पूर्ण वायरिंग बदलावं लागेल."

पूर्ण वायरिंग! एकाही वायरीला हात न लावता! डोकंच फिरलं माझं. मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, "अनुभव आहे." अहो, याच अनुभवाने तीन आठवड्यांपूर्वी बॅटरी बदलायला लावली होती. मग याच अनुभवाने स्टार्टर मोटर खोलून कार्बन ब्रश बदलले. मग रिले बदलला, म्हणजे बटण दाबलं की मोटरला करंट जोडणारा आणि ‘टक’ करणारा स्विच. प्रत्येक वेळी दोन-चार दिवस गाडी सुरू व्हायची, मला वाटायचं सुटलो एकदाचा, आणि पुन्हा भररस्त्यात ‘टक’. तिन्ही वेळा पैसे माझे, गाडी ढकलत आणणारा मी, आणि आज पुन्हा चौथा अंदाज. एकदाही, एकदासुद्धा याने मल्टिमीटर, व्होल्ट मोजायचा साधा मीटर, बाहेर काढला नाही. मीटर भिंतीला खिळ्यावर लटकलेला असतो. मी रोज बघतो तो.

शेवटी गाडी ढकलत घरी आणली आणि स्वतःच मीटर लावला. चावी बंद असताना बॅटरी 12.7 व्होल्ट. म्हणजे पूर्ण चार्ज. पण नुसत्या या आकड्यावर विसंबून चालत नाही. आतून मेलेली बॅटरीही नुसती बसलेली असताना चांगला आकडा दाखवते, लोड पडला, म्हणजे जास्त करंट ओढला गेला, की कोसळते. म्हणून टोकं बॅटरीवरच ठेवून बटण दाबलं. कमजोर बॅटरी असती तर आकडा 10 च्याही खाली गेला असता, दिवे विझत आले असते आणि रिलेने टकटकटकटक लावलं असतं. इथे आकडा 12 च्या वरच. हेडलाइट जराही मंद होत नाही. याचा अर्थ उघड आहे: स्टार्टरला लागणारा मोठा करंट बॅटरीतून निघतच नाहीये. स्टार्टर खऱ्या अर्थाने ओढायला लागला की पन्नास-शंभर ॲम्पिअर ओढतो, तेव्हा दिवे मंद व्हायलाच हवेत. वाट कुठेतरी अडली होती. हे कळायला अर्धं मिनिट लागलं. अर्धं मिनिट!

मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि बटण. मधला सांधा चांगला असेल तर तिथे 0.2-0.3 व्होल्टच्या आत काहीतरी दिसायला हवं. दिसले जवळपास 12 व्होल्ट. जवळजवळ अख्खी बॅटरी एका अर्थिंगच्या सांध्यात अडकलेली! बॅटरीच्या निगेटिव्हची जाड काळी वायर इंजिनला जिथे बोल्टने कसलेली असते, तिथला बोल्ट ढिला, त्याखाली हिरवट-पांढरा थर. दहाचा पाना, पॉलिश पेपर, दहा मिनिटं. बटण दाबलं तर पहिल्या झटक्यात गाडी सुरू. तीन आठवडे मी ज्यापायी रस्त्यात उभा राहिलो, तो हा एक बोल्ट.

आणि तो गंजला कसा? सर्व्हिसिंगला दिली की प्रेशरचं पाणी थेट स्विचवर, कनेक्टरवर, सीटखाली मारतात. दर वेळी सांगतो, हँडलच्या स्विचवर मारू नका, दर वेळी मान डोलावतात, दर वेळी मारतात. मग स्टार्टर बटणाच्या आतले पॉइंट काळे पडतात, क्लच स्विच अडकतो, साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल बसतो. आणि यातलं एखादं बिघडलं तर कित्येकदा ‘टक’सुद्धा येत नाही, लोक बिचारे बॅटरी बदलत बसतात.

जादा दिवे बसवून देणाऱ्यांवर तर माझा कायमचा राग आहे. चांगल्या वायरीचं आवरण दातांनी सोलायचं, दोन पीळ द्यायचे, वर काळी टेप. सोल्डर नाही, वेगळा फ्यूज नाही, रिले नाही. उन्हाने टेपचा डिंक वितळतो, पीळ सुटतो, आणि एक दिवस मुख्य फ्यूज उडून गाडी अंधारात बंद पडते. माझ्या आधीच्या गाडीचं हेच झालं होतं, तेही पावसात.

आणि रस्त्यात थांबून "धक्का मारा, होईल सुरू" सांगणारे! कार्ब्युरेटरच्या गाडीला ठीक होतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी खरंच उतरली असेल तर गाडीतला पेट्रोल पंप आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, यांना पुरेसे व्होल्टच मिळत नाहीत, मग दम लागेपर्यंत ढकला, काही उपयोग नाही. पूर्वी निदान किक होती. आता बऱ्याच गाड्यांतून ती काढून टाकली, बरं, मग सगळा भार ज्या बटणावर टाकलात त्याची वायर तरी हात पोहोचेल अशा जागी द्या. अर्थिंगचा तो बोल्ट गाठायला मला आज एअर फिल्टरचा डबा सोडवावा लागला.

पण खरा राग त्या ‘टक’च्या निदानाचा आहे. बॅटरी बघा, लोडवर बघा, प्लस बाजूचा ड्रॉप, म्हणजे वाटेत वाया जाणारे व्होल्ट, बघा, अर्थिंगचा ड्रॉप बघा. गाडी सुरू झाल्यावर रेस देऊन चार्जिंग साधारण 14 व्होल्टपर्यंत जातंय का तेही बघा, म्हणजे उद्या पुन्हा उतरणार नाही. सगळं मिळून पंधरा मिनिटं. हे न करता सुटे भाग बदलत जाणं याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. गिऱ्हाइकाच्या पैशांवर चाललेला जुगार आहे तो.

माझी जुनी बॅटरी त्याने पहिल्याच दिवशी "भंगार आहे" म्हणून ठेवून घेतली. ती चांगली होती. उद्या सकाळी शटर उघडायच्या आत मी तिथे उभा असेन, आणि ती हातात पडल्याशिवाय हलणार नाही.