'टेल ऑफ' म्हणजे चुगली नव्हे

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी सध्या फिरत असलेल्या एका संदेशात 'टेल ऑफ' आणि 'टेल ऑन' यांचा अर्थ एकच दिला आहे: चुगली करणे. हे चूक आहे. मुले परीक्षेसाठी तेच पाठ करतील, म्हणून हा खुलासा.

चुगली म्हणजे 'टेल ऑन'. धाकट्याने ताईचे नाव आईला जाऊन सांगितले, ते 'टेल ऑन'. मग आईने ताईला झापले, ते 'टेल ऑफ'.

मुले खरी अडखळतात ती 'टेल ऑफ'च्या रचनेत. सर्वनाम मधेच येते: 'शी टोल्ड हिम ऑफ' बरोबर, 'शी टोल्ड ऑफ हिम' चूक. कारण सांगताना 'फॉर' लागतो: 'आय गॉट टोल्ड ऑफ फॉर बीइंग लेट', उशीर झाला म्हणून मला बोलणी बसली. ब्रिटनमध्ये हा घरातला, शाळेतला, रोजच्या बोलण्यातला प्रयोग आहे. कार्यालयीन पत्रात ताकीद दिल्याचे लिहायचे तर 'रेप्रिमांड' वापरावा. अमेरिकेत 'टेल ऑफ'ला तोंडावर खरमरीत सुनावण्याची छटा अधिक. सुनावणारा वडीलधारा किंवा साहेबच हवा असे तिथे नाही.

'टेल ऑफ'चा आणखी एक जुना, लष्करी अर्थ आहे: माणसे मोजून वेगळी काढणे आणि कामावर नेमणे. 'टेल' म्हणजे पूर्वी मोजणेही होते. बँकेतला 'टेलर', म्हणजे रोखपाल, हा शब्द त्यातूनच आला. जुन्या युद्धवर्णनात पहाऱ्यासाठी सैनिक 'टोल्ड ऑफ' झाले असतील, तर त्यांना कोणी रागावलेले नाही, पहाऱ्यावर नेमले आहे.