फिटची गोळी केमोची जागा घेत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा एक संदेश आता आमच्या काकांच्या फोनवर पोचलाय. त्यांना फुफ्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर आहे, केमो चालू आहे, आणि पुढचं सायकल थांबवू का असं ते विचारताहेत. म्हणून हे उत्तर. संदेश म्हणतो: फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी मेंदूसारख्या करंटवर जगतात, बायोप्सीच्या सुईने तो करंट पसरतो, तांब्याच्या कड्याने उतरतो, आणि फिटची गोळी घेतली की केमो लागत नाही.

करंटची गोष्ट अर्धी खरी आहे, हे मान्य करावं लागतं. पण ती सगळ्या फुफ्फुसाच्या कॅन्सरला लागू नाही. ती मुख्यतः स्मॉल सेलची आहे, आणि हा प्रकार साधारण १५ टक्के रुग्णांत सापडतो. २०२५ साली ‘नेचर’मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी दाखवलं की यातल्या काही पेशी चेतापेशींसारखे विद्युत संदेश स्वतःच तयार करतात, आणि टेट्रोडोटॉक्सिन वापरून ते दाबले की गाठ वाढवण्याची त्यांची ताकद घटते. हे टेट्रोडोटॉक्सिन म्हणजे फुग्या माशाचं विष. माणसाच्या श्वासाचे स्नायू ते लुळे पाडतं आणि त्यावर उतारा नाही. प्रयोगशाळेतलं हत्यार आहे ते, औषध नव्हे.

आता गोळी. लेव्हेटिरासिटाम या फिटच्या औषधाने मेंदूतल्या अशा गाठींची वाढ मंदावली, ती उंदरांत. माणसात केमोऐवजी ही गोळी देऊन कुणी बरं झाल्याचा पुरावा नाही. कुणाच्या फाइलमध्ये ती दिसली तर बहुधा गाठ मेंदूत जाऊन फिट आली म्हणून दिलेली असते, तीही बाकीच्या उपचारांसोबत. स्मॉल सेल फार वेगाने वाढतो. केमोत सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन (दोन्ही प्लॅटिनमची औषधं) पहिल्या दिवशी, एटोपोसाइड सलग तीन दिवस, आणि साधारण दर २१ दिवसांनी पुन्हा, अशी चार ते सहा सायकल्स असतात. बहुतेकांची गाठ सुरुवातीला यानेच लक्षणीय आकसते. मधलं सायकल मनाने सोडलं की उरलेल्या पेशींना वाढायला मोकळीक मिळते.

गोळी गुपचूप सुरू केली तर आणखी दोन धोके आहेत. ती मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि सिस्प्लॅटिन मूत्रपिंडालाच इजा करू शकतं, म्हणजे नेहमीचा डोसही अंगात साठू लागतो. दुसरं, या कॅन्सरमध्ये रक्तातलं सोडियम घसरून गुंगी आणि भ्रम येऊ शकतो. गोळीनेही झोप येते. घरचे म्हणतात, गोळीचा परिणाम असेल, आणि सोडियम तपासायचं राहून जातं. पेशंट जास्त झोपाळलेला किंवा गोंधळलेला वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि ज्यांना फिटसाठी ही गोळी लिहून दिली आहे त्यांनी ती एकदम बंद करू नये, फिट उलटते.

बायोप्सीने करंट पसरतो, हे साफ खोटं. सुईच्या वाटेने पेशी रुजणं फुफ्फुसात फार क्वचित घडतं. उलट बायोप्सीशिवाय स्मॉल सेल आहे की दुसरा प्रकार हेच ठरत नाही, आणि उपचार पूर्ण वेगळे आहेत. रिपोर्टात सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी५६ असे शब्द दिसतील, ती अशा पेशींतली प्रथिनं. पेशीचं चेतापेशींशी असलेलं साम्य पॅथॉलॉजिस्ट तिथेच ओळखतात. कड्याचं काय सांगणार! हे विद्युत संदेश पेशीच्या आवरणापाशी मिलिव्होल्टमध्ये मोजतात, मनगटावरचा धातू तिथे काहीही करत नाही.

या साम्याचा उपयोग रुग्णापर्यंत पोचलाय, पण वेगळ्या वाटेने. डीएलएल३ हे प्रथिन अशा पेशींच्या पृष्ठभागावर असतं. टार्लाटामॅब हे औषध एका हाताने ते धरतं आणि दुसऱ्या हाताने टी पेशीला, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशीला. अमेरिकेत त्याला मे २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. पहिल्या डोसांनंतर ताप, रक्तदाब घसरणं असे त्रास होऊ शकतात, म्हणून देखरेखीखाली ठेवतात. आणि ती मंजुरी प्लॅटिनमची केमो घेऊनही आजार वाढलेल्या रुग्णांसाठी होती.