‘मेडिकलच्या विद्यार्थ्याने संशोधनाच्या नादी लागू नये’: या सल्ल्याला उत्तर

दर वर्षी नवी बॅच आली की विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा: ‘मेडिकलच्या विद्यार्थ्याने संशोधनाच्या नादी लागू नये. शोध लावणं हे शास्त्रज्ञांचं काम. तुम्हाला पेशंट बघायचे आहेत, त्यासाठी पुस्तक आणि वॉर्ड पुरेसे आहेत. संशोधनाला लॅब लागते, पैसा लागतो. त्यात मार्क जातात, झोप जाते आणि शेवटी हाती येते ती बायोडेटातली एक ओळ.’

सिनियर मंडळी हा मजकूर ज्युनियरना आपुलकीने पाठवतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते आणि विद्यार्थ्यांच्या छोट्या प्रकल्पांची गाइड असते. या सल्ल्यात एक गोष्ट खरी आहे, तिच्याकडे शेवटी येतेच. बाकीचा सल्ला मात्र चुकीचा आहे आणि त्याची किंमत पुढे पेशंटला मोजावी लागते.

‘शोध लावणं हे शास्त्रज्ञांचं काम’

१८३५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट नावाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शवविच्छेदन करत होता. मृतदेहाच्या स्नायूंमध्ये बारीक पांढरे कण होते. असे कण तिथे नवे नव्हते. त्यांनी स्काल्पेलची धार जाते अशी तक्रार सगळेच करत, शिक्षकही, आणि हाडाचे कण समजून सोडून देत. पॅजेटने ते भिंगाखाली धरले. मग चांगला सूक्ष्मदर्शक मिळवण्यासाठी तो ब्रिटिश म्युझियमपर्यंत गेला. त्या प्रत्येक कणात वेटोळं घालून बसलेला एक कृमी होता. आज आपण त्याला ट्रिचिनेला म्हणतो. कण सगळ्यांनी पाहिले होते, ते काय आहेत हे एकट्याने तपासलं.

पॉल लॅंगरहान्स १८६८ मध्ये बर्लिनला विद्यार्थी होता. त्वचेतल्या ज्या पेशींना आज त्याचं नाव आहे त्यांचं वर्णन त्याने त्या वर्षी केलं. पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातल्या पेशींच्या छोट्या बेटांचं वर्णन केलं. त्या पेशी काय काम करतात हे आपल्याला माहीत नाही, असं त्याने सरळ लिहिलं. याच बेटांत तयार होणारं इन्शुलिन हाती यायला १९२१ उजाडावं लागलं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, या बेटांचं नाव ‘आयलेट्स ऑफ लॅंगरहान्स’ घडाघडा म्हणणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की तो लॅंगरहान्स त्यांच्याच वयाचा होता?

हृदयाचा ठोका जिथून सुरू होतो तो सायनोएट्रियल नोड मार्टिन फ्लॅक या विद्यार्थ्याने शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ यांच्या घरी १९०६ च्या उन्हाळ्यात चिचुंदरीसारख्या एका छोट्या प्राण्याच्या, मोलच्या, हृदयात पाहिला. स्वीडनमधल्या उपसालाच्या इवार सांडस्ट्रॉमने मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी विद्यार्थिदशेतच शोधल्या आणि १८८० मध्ये त्यावर लेख लिहिला. जॉन्स हॉपकिन्समध्ये दुसऱ्या वर्षाला असलेला जे मॅकलीन रक्त गोठवणारा पदार्थ शोधायला बसला होता. यकृताच्या अर्कात त्याला उलटंच दिसलं, रक्त गोठायला उशीर होत होता. त्याने १९१६ मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि त्या वाटेवरून पुढे रक्त गोठू न देणारं औषध, हेपरिन, आलं. त्याला मिळालेला पदार्थ आणि आजचं हेपरिन एकच नव्हे, श्रेयावरून वादही झाला. पण अपेक्षेच्या विरुद्ध आलेला निकाल त्याने ‘प्रयोग फसला’ म्हणून टाकून दिला नाही, यावर वाद नाही.

या यादीत इन्शुलिनच्या शोधात सहभागी असलेल्या चार्ल्स बेस्टचं नाव हमखास घातलं जातं. ते मी घालत नाही. १९२१ मध्ये तो नुकताच पदवीधर झाला होता, वैद्यकाचं शिक्षण त्याने नंतर पूर्ण केलं. संशोधनाची बाजू मांडताना तपशील सैल ठेवून चालणार नाही.

आणि एक नाव सावधपणे घ्यायचं आहे. पेरूचा डॅनियल कॅरिओन. पेरूच्या डोंगराळ भागातला एक चामखिळीसारखा त्वचारोग आणि जीवघेणा ओरोया ताप हे दोन वेगळे आजार की एकच, हा त्याचा प्रश्न होता. २७ ऑगस्ट १८८५ रोजी त्याने त्वचेच्या गाठीतलं रक्त स्वतःला टोचून घेतलं आणि स्वतःच्या लक्षणांची नोंद ठेवली. ५ ऑक्टोबरला तो तापाने गेला. वय २८. आजार एकच होता. त्याचा मान मी मनापासून राखते. पण विद्यार्थ्याची जिद्द आणि त्याच्या जिवाला असलेला धोका यांच्यामध्ये कोणीतरी जाणतं उभं असायला हवं, हेही त्याच्याकडूनच शिकावं लागतं. आज ते काम एथिक्स कमिटीचं, म्हणजे संशोधनाला आधी मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचं, आणि गाइडचं आहे.

‘पेशंट बघायला पुस्तक आणि वॉर्ड पुरेसे आहेत’

वर दिलेली नावं अपवाद आहेत. बहुतेक विद्यार्थी कुठलाही शोध लावणार नाहीत आणि त्यात काही बिघडत नाही. माझं म्हणणं त्या नावांवर उभं नाही. पेशंट नीट बघायला नुसतं पुस्तक आणि वॉर्ड पुरत नाहीत, या मुद्द्यावर उभं आहे.

१९७८ मध्ये हार्वर्डशी जोडलेल्या रुग्णालयांत ६० जणांना एक प्रश्न विचारला गेला. त्यात शेवटच्या वर्षाचे २० विद्यार्थी, २० निवासी डॉक्टर आणि २० वरिष्ठ डॉक्टर होते. प्रश्न असा: एक आजार हजारात एकाला असतो. त्याच्या चाचणीत आजार नसलेल्या ५ टक्के लोकांचा निकालही चुकून पॉझिटिव्ह येतो. एका माणसाची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्याच्याबद्दल दुसरं काही ठाऊक नाही. त्याला आजार असण्याची शक्यता किती?

सर्वात जास्त वेळा आलेलं उत्तर होतं ९५ टक्के. आता कागदावर मांडून बघा. हजार माणसं तपासली, आजारी एक. उरलेल्या ९९९ पैकी ५ टक्के, म्हणजे साधारण ५० जण, विनाकारण पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५१, त्यात खरा आजारी एक. शक्यता जेमतेम २ टक्के. ६० पैकी बरोबर उत्तर ११ जणांनी दिलं.

ही माणसं अभ्यासात कच्ची नव्हती. पुस्तक त्यांना पाठ होतं, वॉर्ड त्यांनी वर्षानुवर्षं केला होता. तरीही निरोगी माणसाच्या हातात रिपोर्ट ठेवून ‘बहुधा आजार आहे’ म्हणून त्याला घाबरवतील, अशी अनेकांची उत्तरं होती. हे गणित अवघड नाही, पण ते करायची सवय लागावी लागते. ज्याने एकदा तरी स्वतःचा डेटा गोळा करून ‘पॉझिटिव्ह किती, त्यातले खरे किती’ असा चौकोनी तक्ता भरलाय, त्याच्या डोक्यात रिपोर्ट बघताना तो तक्ता आपोआप उभा राहतो. निदान मी ज्यांना शिकवलं त्यांच्या बाबतीत माझा अनुभव असाच आहे.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. हार्ट अटॅकनंतर ज्यांच्या हृदयाचे जादा ठोके पडतात त्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो, हे माहीत होतं. मग ठोके दाबणारी औषधं दिली तर माणसं वाचतील, असं डॉक्टरांनी धरलं. तर्कात खोट दिसत नव्हती, ईसीजी सुधारत होता आणि औषधं सर्रास दिली जात होती. शेवटी ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत ती नीट तपासली गेली. एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ पेशंटपैकी ६३ दगावले. नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. हे पूर्ण आकडे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले, पण औषध घेणाऱ्यांच्या गटात इतके मृत्यू दिसत होते की औषधं १९८९ मध्येच थांबवावी लागली होती.

त्या काळात पुस्तक आणि वॉर्ड दोन्ही होते. वॉर्डात डॉक्टरला ईसीजी सुधारलेला दिसत होता. औषध घेतलं नसतं तर काय झालं असतं, हे मात्र वॉर्डात कधीच दिसत नाही. ते बघायला तुलनेसाठी दुसरा गट लागतो. ‘हे औषध दिलं आणि पेशंट बरा झाला’ यावर ‘न देताही झाला असता का?’ असं विचारणं पुस्तक पाठ करून येत नाही.

पोटाच्या अल्सरचं तर अनेकांना ठाऊकच आहे. ताण आणि आम्ल हीच कारणं शिकवली जायची. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जंतू दाखवला, मार्शलने १९८४ मध्ये तो स्वतः पिऊनही दाखवला. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या मधल्या वर्षांत जुनं पुस्तक पाठ असलेला विद्यार्थी परीक्षेत पास झाला असता, पण त्याच्या पेशंटला चुकीचे उपचार मिळाले असते. प्रॅक्टिस तीस-चाळीस वर्षं चालते. पुस्तक तेवढं टिकत नाही.

‘लॅब लागते, पैसा लागतो’

व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरकडे १८४७ मध्ये होती ती प्रसूती कक्षाची नोंदवही. सुइणींच्या कक्षापेक्षा विद्यार्थ्यांच्या कक्षात बाळंतिणी कितीतरी जास्त मरत होत्या, आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट तिथे येत होते. मे महिन्यात क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सुरू झालं. एप्रिलमध्ये शंभरात १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये दोन. त्या बायकांना मारणारे हात विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या डॉक्टरांचे होते, आणि वही मांडून मोजेपर्यंत त्यातल्या कोणालाही ते कळलं नव्हतं.

आता माझ्यासमोर घडलेली गोष्ट. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे प्रकल्पासाठी आली. काम साधं होतं. ॲडमिशनच्या केस पेपरवर श्वासांची गती नोंदली जाते का, हे रेकॉर्ड रूममध्ये बसून बघायचं आणि एक्सेलमध्ये भरायचं. काही दिवसांनी ती शीट घेऊन आली. नोंद होती, पण पानामागून पान एकच आकडा: २०. न्यूमोनियाच्या पेशंटला २० आणि हर्नियाच्या पेशंटलाही २०. इतकी माणसं एकाच गतीने श्वास घेत नाहीत. कोणी मोजलंच नव्हतं, सवयीने लिहिलं होतं.

मग ती परवानगी घेऊन वॉर्डात गेली आणि घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजू लागली. कागदावर २० असलेल्या एका आजोबांचे २८ भरले. तिने लगेच ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला सांगितलं. पेशंट बिघडायला लागला की श्वासाची गती फार लवकर वाढते, बऱ्याचदा बीपी खाली येण्याआधी. हे तिला पुस्तकातून माहीत होतंच. पण त्या दिवसापासून ती श्वास मोजल्याशिवाय आकडा लिहीत नाही. या प्रकल्पाचा पेपर कुठे छापला गेला नाही. खर्च फक्त तिच्या वेळेचा झाला.

‘मार्क जातात, झोप जाते’

ही काळजी मी हलक्यात घेत नाही. २०१६ मध्ये जगभरच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी २७.२ टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली. ११.१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. हे भयंकर आहे. पण त्यात संशोधनाचा वाटा किती, हे त्या आकड्यांतून निघत नाही. म्हणून त्यांच्या आधारावर संशोधनाला दोषी ठरवता येणार नाही.

ज्याची परीक्षा तोंडावर आहे, ज्याला झोप नाही, ज्याचं मन थाऱ्यावर नाही, त्याने प्रकल्प घेऊ नये. कोणी आग्रह केला तर नाही म्हणावं. मी स्वतः विद्यार्थ्यांना परत पाठवलं आहे. पण ‘आत्ता नको’ आणि ‘कधीच नको’ यांत फरक आहे आणि फिरणारा मजकूर ‘कधीच नको’ असं सांगतो.

‘शेवटी बायोडेटातली एक ओळ’

सल्ल्यातला खरा भाग हाच. प्रवेशासाठी, बढतीसाठी, गुणांसाठी पेपर हवा म्हणून पेपर काढले जातात. पैसे भरले की काहीही छापणारी नियतकालिकं आहेत. विद्यार्थी रात्ररात्र डेटा भरतो आणि लेखकांच्या यादीत त्याचं नाव येत नाही. ज्यांनी कामाला हात लावला नाही त्यांची नावं मात्र येतात. संख्याशास्त्रज्ञ डग्लस ऑल्टमन यांनी १९९४ मध्येच लिहिलं होतं की संशोधन कमी हवं, चांगलं हवं आणि योग्य कारणासाठी हवं. मी त्यांच्या बाजूने आहे. या प्रकाराचा राग येणाऱ्या विद्यार्थ्याचा राग रास्त आहे.

पण असं काम नाकारायचं असेल तर ते ओळखता आलं पाहिजे. म्हणून प्रकल्प घेण्याआधी गाइडला समोर बसून विचारा. प्रश्न नेमका काय आहे, एका वाक्यात? उत्तर ‘नाही’ आलं तरी आपण ते लिहिणार का? एथिक्स कमिटीची मंजुरी डेटा घेण्याआधी मिळणार की नंतर? पेशंटची संमती कोण घेणार, आणि ती त्याला समजेल अशा भाषेत असेल का? लेखक कोण असतील, हे आज ठरवायचं का? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे निकष आहेत. कामात भरीव वाटा, लेखनात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी, या चारही गोष्टी लागतात. विभागप्रमुख असणं हा निकष त्यात नाही. ते निकष छापून सोबत न्या.

चांगल्या गाइडला हे प्रश्न आवडतात. मला विचारणारे विद्यार्थी दर वर्षी दोन-चारच येतात. आणखी यावेत, वेळ मी काढीन.