चाळीस धरू

विम्याच्या वैद्यकीय तपासणीसाठी परवा एका दवाखान्यात गेलो आणि उच्च रक्तदाबाचा रुग्ण होऊन परतलो. खुर्चीत टेकतो न टेकतो तोच तेथील सहायकाने शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला आणि पारा उतरू लागताच "छत्तीस... चौतीस..." असे पुटपुटत जाहीर केले, "चाळीस धरू. एकशेचाळीस-नव्वद."

लंबकाची वीस आंदोलने मुलांना तीन-तीनदा मोजायला लावून सरासरी काढून घेण्यात ज्याची नोकरी सरली, त्याला हे 'धरू' पचणे अवघडच. पाच मिनिटे स्वस्थ बसवून, मिनिटाच्या अंतराने निदान दोनदा मोजायचे असते, नळीवर 2-2 मिलिमीटरच्या रेघा काही शोभेसाठी काढलेल्या नसतात आणि राऊंड फिगरच हवी असेल तर 134 ला जवळचे 130 आहे, हे मी त्याला शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले.

"काका, कमी लिहिलं तर डॉक्टर मला विचारतात. जास्त लिहिलं तर तुम्हाला विचारतात."

तेवढ्यात बाकावरचे एक आजोबा सरसावले. "तुम्ही उगाच वाद घालताय. माझं बघा, अकरा वर्षं एकशेतीस-ऐंशी. सकाळी मोजा, जिना चढून आल्यावर मोजा, एक काडी इकडची तिकडे नाही. कावीळ झाली होती तेव्हासुद्धा!" पुराव्यादाखल त्यांनी पिशवीतून फाइल काढली. पानापानावर, निळ्या, काळ्या, एकदा तर हिरव्या शाईत, 130/80. जिवंत माणसाचा रक्तदाब ठोक्यागणिक बदलतो, असे मी म्हणताच त्यांनी माझ्याकडे कणवेने पाहिले. "तुमचा बदलत असेल."

1856 साली जाहीर झालेल्या एव्हरेस्टच्या उंचीचे गणित म्हणे नेमके 29,000 फूट आले होते; लोकांना तो अंदाजपंचे आकडा वाटू नये म्हणून 29,002 छापले, असे सांगतात. तिथे शून्यांची लाज वाटली. इथे शून्याखेरीज चालत नाही.

अखेर उपकार केल्यासारखे त्याने पुन्हा मोजले. तोवर माझे बोलून बोलून तोंड कोरडे पडले होते. पारा 152 वर थबकला.

"दीडशे लिहितो," तो आवाज खाली आणून म्हणाला. "तुमच्यासाठी दोन कमी केले."

विम्याचा हप्ता आता वाढून येईल आणि तो मात्र पैशापर्यंत अचूक असेल. शर्टाची बाही सारखी करत मी उठलो, तेव्हा आजोबा खुर्चीत बसत होते. पट्टा अजून टेबलावरच होता, आणि सहायकाचे लिहून झाले होते.