अणुरॉकेट तापवणार कुठे?

मंगळावर 45 दिवसांत पोचता येईल, ही बातमी दर काही महिन्यांनी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर नव्याने उगवते. मूळ गोष्ट 2023 ची. फ्लोरिडा विद्यापीठातल्या एका अणुइंजिनाच्या कल्पनेला नासाने प्राथमिक अभ्यासापुरते पैसे दिले होते, एवढंच. मग रत्नागिरीचा माझा आतेभाऊ लिहितो, "इस्रोने मनावर घेतलं तर आपण सगळ्यांच्या आधी करू." त्यावर राजापूरची वहिनी म्हणते, "भावोजी, आधी जैतापूरचं काय ते बोला." पुढे कुणीतरी फुलांचं सुप्रभात टाकतं आणि विषय मिटतो.

जैतापूर म्हणजे राजापूरजवळ ठरलेला अणुवीज प्रकल्प. मला वहिनीचा प्रश्न जास्त शास्त्रीय वाटतो. मी राहतो लास वेगासजवळ. इथून वायव्येला दीड-दोन तासांवर जॅकअ‍ॅस फ्लॅट्स नावाचं माळरान आहे. अमेरिकेने आपली अणुरॉकेटं खरोखर पेटवून पाहिली ती तिथेच.

पेटवून म्हणालो खरं, पण या इंजिनात काही जळतच नाही. द्रवरूप हायड्रोजन अणुभट्टीतून जातो, अडीच हजार केल्विनच्या आसपास तापतो आणि नोझलमधून सुटतो. हायड्रोजनचे रेणू हलके, म्हणून ते फार वेगाने बाहेर पडतात. चांगल्यात चांगल्या रासायनिक इंजिनापेक्षा किलोमागे जवळपास दुप्पट जोर मिळतो. मंगळाच्या सहा-नऊ महिन्यांच्या वाटेतले काही महिने त्याने वाचतील. 45 दिवस मात्र नव्हेत.

तेवढे महिने वाचवणंही लहान गोष्ट नाही. मंगळावर गेलेल्या क्युरिऑसिटी यानाने 2011-12 च्या प्रवासात किरणोत्सार मोजला होता. त्यावरून माणसाच्या नुसत्या जाण्यायेण्याचा डोस सुमारे 660 मिलिसीव्हर्ट (किरणोत्साराचा डोस मोजायचं एकक) निघतो, आणि नासाची अंतराळवीराची आयुष्यभराची मर्यादा 600 आहे. म्हणजे किरणोत्सारापासून वाचायचं तर अणुभट्टीवर बसून जायचं! ऐकायला विचित्र, पण हिशेब बरोबर आहे.

इंजिन होत नाही म्हणून अडलं, असंही नाही. अमेरिकेचा अणुरॉकेटांचा प्रकल्प, नाव रोव्हर, 1955 मध्ये सुरू झाला, त्यातली किवी नावाची पहिली चाचणी-भट्टी 1959 मध्ये तापली. केनेडींनी 1961 च्या मे महिन्यात ज्या भाषणात चंद्राची घोषणा केली, त्याच भाषणात या अणुरॉकेटासाठी आणखी 2 कोटी 30 लाख डॉलर मागितले होते. चंद्र लक्षात राहिला, हे विसरलं. 1968 मध्ये फीबस-2ए ही भट्टी बाराएक मिनिटं 4,000 मेगावॉटवर चालली. जैतापूरला ठरलेल्या एका अणुभट्टीत जेवढी उष्णता निर्माण होईल, तिच्या जवळ जाणारा हा आकडा, आणि तोही रॉकेटात बसेल एवढ्या यंत्रातून. पुढच्या वर्षी एक इंजिन 28 वेळा सुरू करून दाखवलं. या भट्ट्या एका जागेवरून दुसरीकडे न्यायला खास रेल्वे होती, जगातली सगळ्यात आखूड आणि सगळ्यात सावकाश असं तिच्याबद्दल थट्टेने म्हणत. (आमच्या कोकण रेल्वेच्या क्रॉसिंगला ताटकळलेल्यांनी यावर मत देऊ नये.)

जानेवारी 1973 मध्ये सगळं बंद. मोर्चे निघाले नव्हते. मंगळावर माणूस पाठवायचा बेतच सरकारने सोडला होता, मग इंजिन नेणार कुठे? अणुइंजिन अंतराळात चालवून पाहण्याचा अमेरिकेचा अलीकडचा ड्रेको प्रकल्पही तसाच गेला. 2023 मध्ये लॉकहीड मार्टिनला सुमारे 50 कोटी डॉलरचं काम दिलं, 2027 मध्ये उड्डाण ठरलं आणि 2025 मध्ये ते गुंडाळलं. साधी रॉकेटं स्वस्त झाली, हे त्याचं एक कारण.

ड्रेकोची एक गोष्ट मात्र आपल्या चर्चेत कधीच येत नाही. ते इंजिन पूर्ण ताकदीने जमिनीवर चालवणार नव्हते, थेट कक्षेतच सुरू करणार होते. 1960 च्या दशकात धगधगता हायड्रोजन सरळ आभाळात सोडत. 1962 च्या एका चाचणीत इंधनाचे तुकडे उडून ज्वाळेत चमकताना दिसले. 1965 मध्ये तर एक भट्टी मुद्दाम स्फोट करून उडवली, काय होतं ते बघायला. आज झोत बंदिस्त करून, गाळूनच सोडावा लागेल, आणि तसं केंद्र उभारणं हाच एक अवाढव्य खर्च आहे.

शिवाय ते माळरान कुणाचं? वेस्टर्न शोशोनी लोक 1863 च्या तहाचा आधार देत ही भूमी आपली असल्याचं आजही सांगतात. त्याच माळाच्या कडेला युक्का पर्वत आहे. देशभरच्या अणुभट्ट्यांतल्या वापरून झालेल्या इंधनाचा कचरा तिथेच पुरायचा, असं अमेरिकेच्या संसदेने 1987 मध्ये ठरवलं. नेवाडात स्वतःची एकही अणुवीज भट्टी नाही! दोन्ही पक्षांच्या इथल्या पुढाऱ्यांनी ते अडवून धरलं, आणि ओबामांच्या काळात पैसाच थांबला.

माझे शेजारी निवृत्त कसिनो कर्मचारी. अणुरॉकेटाचा विषय निघाला की छाती फुगवून बोलतात, आणि युक्काचं नाव काढलं की भडकतात. त्यांना यात विसंगती वाटत नाही, आणि कुणी त्यांना देशद्रोहीही म्हणत नाही. परदेशाचं मला कौतुक वाटतं ते एवढ्यापुरतंच. बाकी याच भागातल्या अणुबाँब चाचण्यांची राख ज्यांच्या अंगावर आली, त्यांना भरपाईचा कायदा 1990 पर्यंत मिळाला नव्हता.

जैतापूरला 938 हेक्टर जमीन घेतली. सरकारी कागदांत त्यातला बराचसा सडा, म्हणजे कातळाचं पठार, ओसाड होता. तिथल्या माडबन गावच्या लोकांना विचारा, तिथे गुरं चरतात, गवत होतं, कडेला आंबा आहे. विरोध करणारा विकासाच्या आड येणारा ठरला, आणि 2011 च्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीने एक जण गेला. आता 2025 च्या शांती कायद्याने खासगी कंपन्यांना अणुऊर्जेचं दार उघडलं आणि अणुअपघाताच्या भरपाईचा 2010 चा दायित्व कायदा रद्द केला. अशा वेळी "इस्रोने मनावर घेतलं तर" हे वाक्य मला पोकळ वाटतं.

विरोधकांशीही माझं सगळं जमत नाही. चांद्रयान-3 च्या प्रॉपल्शन मॉड्यूलवर भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले एकेक वॉटचे दोन अणुहीटर होते, त्याने कुणाचं वाकडं झालं नाही. न चालवलेल्या भट्टीतलं युरेनियम अगदी मंद किरणोत्सारी असतं. 1978 मध्ये कॅनडावर कोसळलेला सोव्हिएत कॉस्मॉस-954 घातक ठरला, कारण त्याची भट्टी कक्षेत चालून झालेली होती. उंच कक्षेत गेल्यावरच सुरू करायची आणि पुन्हा खाली येऊ द्यायची नाही, हा नियम पाळला तर यानावरच्या भट्टीला माझा विरोध नाही.

म्हणून माझं मत असं: इस्रोने हीटरनंतर अणुबॅटऱ्या कराव्यात, मग चंद्रावर वीज देणारी छोटी भट्टी. हायड्रोजन तापवणाऱ्या इंजिनाची घोषणा मात्र चाचणीच्या जागेचं नाव, सातबारा आणि तिथल्या ग्रामसभेचा ठराव दाखवल्याशिवाय करू नये, आणि ती जागा पुन्हा कोकणातलाच एखादा सडा असेल, तर मुळीच नाही.